थंडी गेली हे सांगणारं आपल्याकडचं जनावर कोणतं? (आठवीच्या प्रकल्पासाठी माहिती हवी)

खडू_फळा (विटा):

नमस्कार मंडळी. आठवीच्या वर्गासाठी छोटा प्रकल्प बसवायचा आहे. विषय असा: थंडी सरत आल्याचं जनावरांवरून ओळखायच्या लोकपरंपरा. अमेरिकेतला ग्राउंडहॉग (खारीच्या कुळातलं, बिळात राहणारं जनावर) पोरांनी मोबाईलवर पाहिलेला असतो. २ फेब्रुवारीला त्याला बिळातून काढतात, सावली दिसली की थंडी अजून सहा आठवडे. त्यामुळे "सर, मग आपल्याकडं कोण?" हा प्रश्न पहिल्याच तासाला येणार.

तीन गोष्टी कळल्या तर बरं. एक, ग्राउंडहॉगची परंपरा नेमकी काय आहे आणि ती खरी कितपत ठरते? दोन, खानापूर, खटाव, माण, तासगाव या पट्ट्यात थंडीसाठी अशी काही खूण मानतात का? पंचांगातलं 'वाहन' त्यातच येतं का? तीन, मुलांना स्वतः नोंदी करता येतील असं काही आहे का? शाळेचं आवार, एक विहीर, शेजारी शाळूचं रान आणि पलीकडे ऊस, एवढं हाताशी आहे. खर्च शे-पाचशेच्या आत.

एका पालकांनी साळिंदर किंवा मुंगूस आणून सावलीचा खेळ करायचं सुचवलंय. त्याबद्दलही सांगा.

---

दिनदर्शिका:

शेवटचं आधी. साळिंदर नको, मुंगूस नको, घोरपड तर नकोच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांना पकडणं, बाळगणं हा गुन्हा आहे, मग ते शाळेसाठी का असेना.

आता ग्राउंडहॉग. गाव पेनसिल्व्हेनिया राज्यातलं पंक्ससटॉनी, गावाबाहेरची टेकडी गॉब्लर्स नॉब. तिथली पहिली अधिकृत वारी १८८७ सालची. उंच टोप्या आणि काळे कोट घातलेली मंडळी उजाडताना एका बुंध्याच्या दारातून जनावर बाहेर काढतात. बुंधा बनवलेला आहे. जनावर वर्षभर गावातल्या वाचनालयाला जोडलेल्या घरात राहतं, बिळात नाही. मंडळाचा अध्यक्ष त्याची 'भाषा' समजतो असं मानायचं आणि तो सांगेल तो कौल. बहुतेक वर्षी सावली दिसल्याचंच जाहीर होतं. अमेरिकेच्या हवामान खात्याने अलीकडच्या वर्षांचा ताळा घातला तेव्हा अंदाज निम्म्याहून कमी वेळा बरोबर आले. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी बरं.

पण परंपरा त्याहून जुनी आहे. २ फेब्रुवारी हा ख्रिस्ती लोकांचा कँडलमस, नाताळपासून चाळिसावा दिवस. हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस आणि मार्चमधला समान दिवस-रात्रीचा दिवस यांच्या साधारण मधोमध तो येतो. त्या दिवशी ऊन पडलं तर थंडी लांबते, ही म्हण युरोपभर होती. जर्मन मुलखात सावली बघायला बिज्जू असायचा. तिथून पेनसिल्व्हेनियात गेलेल्या लोकांनी हाताशी होता तो ग्राउंडहॉग धरला. स्कॉटलंडमध्ये १ फेब्रुवारीला, संत ब्रिजिदच्या दिवशी, बिळातून साप निघतो अशी समजूत. सर्बियात अस्वल, आणि तारीख १५ फेब्रुवारी, कारण तिथलं चर्च जुनं कॅलेंडर पाळतं. इथे मुलांना एक प्रश्न टाका: एकाच सणाच्या दोन तारखांत तेरा दिवसांचं अंतर असेल, तर अस्वल नेमकं कुठल्या तारखेचं ऐकतं?

'ऊन म्हणजे थंडी' यात तथ्याचा दाणा आहे. हिवाळ्यात आकाश निरभ्र असलं की जमिनीची ऊब रात्रभर वर निघून जाते आणि पहाट गार पडते. ढग असले की तीच ऊब अडते. आपल्याकडेही हेच. जानेवारीत आभाळ आलं की रात्रीचा गारठा उतरतो. चूक होते ती पुढे. एका सकाळचं आभाळ पुढच्या सहा आठवड्यांना लावलं जातं. शिवाय २ फेब्रुवारीपासून सहा आठवडे म्हणजे १६ मार्च. तोवर सांगलीत दुपारचा पारा पस्तिशीच्या पुढे गेलेला असतो, तेव्हा हा हिशोब इथे लावायचाच नाही.

आणि जनावर त्या दिवसांत बिळाबाहेर येतं ते हवामान बघायला नाहीच. ग्राउंडहॉग खरोखरीची शीतनिद्रा घेतो. हृदयाचे ठोके मिनिटाला ऐंशीच्या आसपास असतात ते पाचेकवर येतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला नर थोडे दिवस उठून आसपासच्या माद्यांची बिळं हिंडून बघतो, पुन्हा आत जातो, आणि वीण मार्चमध्ये. लोकांनी बघितलं ते बरोबर होतं, अर्थ तेवढा चुकला.

---

दिनदर्शिका:

दुसरा प्रश्न वेगळा लिहितो, लांबेल.

आपल्याकडे जनावरांच्या खुणा ढीगभर आहेत, पण जवळजवळ सगळ्या पावसाच्या. टिटवीची अंडी, कावळ्याचं घरटं, 'पेरते व्हा' ओरडणारा पावशा, अंडी घेऊन निघालेल्या मुंग्या. याचं कारण सरळ आहे. माण-खटावात पाऊस चुकला तर वर्ष गेलं, थंडी आठ दिवस लांबली तर कुणाचं वर्ष जात नाही. ज्याची धास्ती त्याच्याच खुणा शोधल्या जातात. युरोपात फेब्रुवारीत वैरण आणि सरपण संपत आलेलं असायचं, म्हणून त्यांची नजर थंडीवर.

थंडीचं आपण सणांवर सोपवलं. 'शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते' आणि 'होळी जळाली, थंडी पळाली'. दोन्हींत जनावर नाही. आणि दोन्ही सण चांद्र तिथीचे, त्यामुळे तारीख घसरत राहते. महाशिवरात्र २०२४ला ८ मार्च, २०२५ला २६ फेब्रुवारी, २०२६ला १५ फेब्रुवारी. तीन वर्षांत तीन आठवड्यांचा फरक. थंडीने यातली कुठली तारीख पाळायची? अधिक महिना आला की दोन्ही सण पुढे जातात आणि म्हण आपोआप 'खरी' ठरते, कारण मार्च उजाडलेला असतो.

वाहन: त्याचा थंडीशी काही संबंध नाही. ते मृगापासून पुढच्या पावसाळी नक्षत्रांचं. गणित मात्र वर्गात करून घेण्यासारखं आहे. सूर्य ज्या क्षणी त्या नक्षत्रात जातो, त्या क्षणी चंद्र कुठल्या नक्षत्रात आहे ते पंचांगात पाहायचं. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत, दोन्ही धरून, मोजायचं आणि ९ने भागायचं. बाकी १ घोडा, २ कोल्हा, ३ बेडूक, ४ मेंढा, ५ मोर, ६ उंदीर, ७ म्हैस, ८ गाढव, ० हत्ती.

उदाहरण घ्या. सूर्य मृगात, चंद्र उत्तरा नक्षत्रात. मृग १, आर्द्रा २, पुनर्वसू ३, पुष्य ४, आश्लेषा ५, मघा ६, पूर्वा ७, उत्तरा ८. बाकी ८, वाहन गाढव. चंद्र श्रवणात असता तर मोजणी १८, बाकी शून्य, म्हणजे हत्ती. मुलं चुकतात ती दोन जागी. पहिलं नक्षत्र मोजायचं विसरतात, मग गाढवाची म्हैस होते. नाहीतर त्या तारखेचं सकाळचं चंद्रनक्षत्र घेतात, सूर्याच्या प्रवेशाच्या वेळेचं घेत नाहीत.

बेडूक, म्हैस, हत्ती आले की भरपूर पाऊस असं सगळीकडे मानतात, बाकीच्यांत घरोघरी थोडा फरक. पण गणित नीट बघा: चंद्र साधारण दिवसाला एक नक्षत्र चालतो. सूर्याचा प्रवेश एक दिवस उशिरा झाला असता तर हत्तीचा घोडा झाला असता, बाकी काही बदललं नसतं. वारा, ढग, समुद्र यातलं काहीही या भागाकारात येत नाही. आणि एकच वाहन महाबळेश्वरलाही आणि म्हसवडलाही. तिथे पाच-साडेपाच हजार मिलिमीटर, इथे पाचशेच्या आतबाहेर. आता हत्ती नेमका कुणाचा?

संक्रांतीचं वाहन ही आणखी तिसरी गोष्ट. ते त्या वेळच्या करणावर, म्हणजे अर्ध्या तिथीवर, ठरतं (बालव करण असेल तर वाघ). त्यावरून काय महागणार ते सांगतात, थंडीचं नाही. तीन गोष्टी एका तक्त्यात कोंबू नका.

---

माळावरचा_पिंगळा:

वरचं सगळं मान्य. पण मुलांना 'आपल्याकडे काहीच नाही' असं सांगू नका. भाकीत करणारं जनावर नाही हे खरं, थंडी उतरल्याचं *दाखवणारी* मात्र आवारातच चार-पाच सापडतील. फक्त प्रत्येकाचं कारण वेगळं आहे, आणि ते माहीत नसेल तर हमखास फसगत होते.

कोकीळ. सगळे आधी हेच नाव घेतात. नराचं कुहू फेब्रुवारी-मार्चपासून वाढत जातं. पण पक्षी बाहेरून आलेला नसतो, वर्षभर इथेच असतो, नुसता गप्प. त्याचा गळा मोकळा होतो तो मुख्यतः दिवस वाढल्यामुळे. आपल्या अक्षांशावर डिसेंबरअखेरचा दिवस आणि मार्चमधला समान दिवस यांत तासाभराचा फरक पडतो, तो त्याला पुरतो. (संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात, तेच.) म्हणून थंडी लांबलेल्या वर्षीही कोकीळ ओरडतो. तो थर्मामीटर नव्हे, घड्याळ समजा. मादीचा आवाज 'किक्-किक्-किक्' असतो, मुलं तो दुसराच पक्षी समजतात.

तांबट. वडा-पिंपळावर बसून टुक्-टुक्-टुक्, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा. ऊन चढलं की त्याचा ठोका सुरू होतो आणि तापलेल्या दुपारीही चालतो. शाळेसाठी हा कोकिळेपेक्षा सोयीचा, कारण दिवसाउजेडी, एकाच झाडावरून, मोजता येतो. रोज सकाळी १० ते १०.१० या दहा मिनिटांत ऐकू आला की नाही, एवढंच लिहायचं.

भोरड्या. हा आपल्या भागाचा खरा हिवाळी पाहुणा. मध्य आशियातून येतात, अंग गुलाबी, डोकं-पंख काळे, थवे शेकड्यांनी. शाळू दुधात आला की कणसांवर तुटून पडतात, म्हणून माळ्यावर गोफण घेऊन राखणीला बसावं लागतं. आता सापळा बघा. फेब्रुवारीत शाळू काढला की भोरड्या रानातून एकदम नाहीशा होतात आणि लोक म्हणतात, भोरड्या गेल्या, थंडी गेली. त्या गेलेल्या नसतात. पळस, पांगारा, सावर फुललेली असते, तिथे मध प्यायला बसलेल्या असतात, चोचीभोवती पिवळा पराग माखलेला. एप्रिलपर्यंत दिसतात. म्हणजे शाळूच्या रानातून त्या गेल्याने काढणी कळते, थंडी कळत नाही. नोंद ठेवायची तर संध्याकाळी, उसात किंवा बाभळीत मुक्कामाला उतरतात तिथे उभं राहून.

मायणी, येरळवाडीचे पक्षी. पट्टकादंब, कांड्या करकोचे, चक्रवाक. सहलीला छान, नोंदीला अवघड. तलावातलं पाणी आटलं की थवा वीस-तीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या पाण्यावर सरकतो. निघून गेला की नुसता हलला, हे एका जागी उभं राहून कळत नाही.

धोबी. शेपटी वरखाली हलवणारा पांढरा धोबी, शाळेच्या मैदानावर नाहीतर पाटाच्या कडेला. हाही पाहुणा, मार्च-एप्रिलपर्यंत निघतो. पण याच्यासारखाच दिसणारा, अंगाने मोठा, डोळ्यावर ठळक पांढरी भुवई असलेला धोबी बारमाही इथलाच आहे. भुवई बघितल्याशिवाय नोंद करू नका, नाहीतर पाहुणा मे महिन्यातही 'दिसतो'.

सातेरी मधमाशी. आसपास कुणाकडे पेटी असेल तर यासारखी खूण नाही. (महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे मधाचं गाव म्हणून २०२२मध्ये जाहीर झालं, तिथली सहलही जोडता येईल.) गारठ्यात माशी उशिरा बाहेर पडते. पेटीच्या दारासमोर उभं राहायचं नाही, बाजूला दोन हातांवर थांबायचं. दोन वेळा लिहायच्या: पहिली माशी किती वाजता उडाली, आणि ९ ते ९.०५ या पाच मिनिटांत पायाला पराग लावून किती परतल्या. दाराला सकाळचं ऊन लागतं की भिंतीची सावली, यावर वेळ खूप बदलते. म्हणून दोन पेट्यांची तुलना करायची नाही, एकाच पेटीची कालच्याशी आज करायची.

पाल. हसू नका. रात्री नऊ वाजता व्हरांड्यातल्या दिव्याभोवती किती पाली, एवढं मोजायचं. थंडीत त्या दिव्याच्या पट्टीमागे किंवा फटीत बसतात, ऊब वाढली की भिंतीवर पसरतात. दिवा मात्र पूर्ण हंगाम तोच हवा. ट्यूब काढून एलईडी लावला की उष्णता आणि किडे दोन्ही बदलतात, नोंद गेली.

साप. इथे मुलांना एक गोष्ट ठणकावून सांगा. 'थंडीत साप झोपतात' हे घोणशीला लागू नाही. तिची वीण थंडीच्या महिन्यांतच होते, त्या दिवसांत ती हिंडते. कुकरच्या शिट्टीसारखा लांब फुत्कार ऐकू आला तर तिथेच थांबायचं आणि मागे फिरायचं. शाळूच्या काढणीत पेंढ्या उचलताना आधी काठीने हलवायच्या, अंधारात बॅटरीशिवाय बांधावर जायचं नाही. सापाला प्रकल्पाच्या यादीतूनच काढा.

---

पेपर_काढू_का:

द्राक्षवाल्याचं दोन ओळींत. जानेवारीत मण्यांत पाणी उतरायच्या, म्हणजे माल पिकू लागायच्या वेळी किमान तापमान दहाच्या खाली गेलं आणि दिवस-रात्रीचा फरक वाढला की पांढऱ्या मालात गुलाबी मणी पडतात, म्हणून घडांना पेपर लावतात. तांबट ओरडला म्हणून तो पेपर कुणी काढत नाही आणि काढूही नये. आणखी एक, थंड हवा जड असते, पाण्यासारखी उतरून खोलगटात साचते. ओढ्याकाठची बाग आणि वरची माळाची बाग यांत पहाटे दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. शाळा माळावर आणि विहीर खाली असेल तर दोन ठिकाणचा पक्षी एका रकान्यात घालू नका.

---

किमान_तापमान:

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पंधरा दिवसांच्या प्रकल्पात बसत नाही. बसवायचं तर वही सलग चालवावी लागेल.

जनावरांच्या नोंदी ही टिंगलीची गोष्ट नाही. इंग्लंडात नॉरफोकमध्ये रॉबर्ट मार्शमने १७३६पासून वसंताच्या २७ खुणा लिहायला घेतल्या, पाकोळी कधी आली, कोकीळ कधी, बेडूक कधी. त्याच्या घराण्याने त्या १९५८पर्यंत चालवल्या. (२७चा आकडा नक्षत्रांशी जुळतो तो योगायोग, नाहीतर कुणीतरी त्यावरून व्हॉट्सअ‍ॅप फिरवेल.) जपानच्या हवामान खात्याच्या यादीत २३ प्राणी-पक्षी-कीटक होते, २०२१पासून ते सगळे वगळले आणि मोजकी झाडं ठेवली. केंद्रांभोवती शहरं वाढली आणि ठरलेले प्राणी दिसेनासे झाले, हे मुख्य कारण. शाळेजवळचा पिंपळ तोडला तर तुमच्या तांबटाचंही तेच होईल.

आधी 'थंडी संपली' म्हणजे काय ते ठरवा, जनावर नंतर. माझी सूचना: किमान तापमानाची मागच्या सात दिवसांची सरासरी १५ अंशांच्या वर गेली आणि पुढचे दहा दिवस खाली आली नाही, तर वर गेली तो पहिला दिवस. १५ हा आकडा पवित्र नाही, पण एकदा घेतला की बदलायचा नाही. दहा दिवसांची अट अशासाठी की फेब्रुवारीत दोन दिवस आभाळ येतं, पारा चढतो, सगळे स्वेटर ठेवून देतात आणि चौथ्या दिवशी परत हुडहुडी भरते.

थर्मामीटर यू आकाराच्या नळीचा, कमाल-किमान दाखवणारा घ्या. सावलीत, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटरवर, चारी बाजूंनी वारा खेळेल असा लावा. पत्र्याखाली नाही, भिंतीला चिकटून नाही. रोज सकाळी साडेआठला वाचायचा, हवामान खात्याची वेळही तीच. नळीत पाऱ्यावर असलेल्या बारीक पिनेचं खालचं टोक वाचायचं. वाचून झालं की चुंबकाने पिना पाऱ्यावर आणायच्या. हे विसरलं की आठवडाभर एकच किमान दिसत राहतं, आणि ते शनिवारी कळतं.

उंचीचा आग्रह का? महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याची बातमी येते, त्याच पहाटे गावातल्या थर्मामीटरवर पारा शून्याच्या बराच वर असतो. गवताच्या पात्याशी आणि डोक्याच्या उंचीवर हवा वेगळी असते. दोन्ही खरं, पण एका वहीत एकच चालतं.

रकाने साधे: तारीख, वेळ, कोण पाहणारा, किमान, आभाळ (मोकळं, अर्धं, भरलेलं), वारा (आहे, नाही), मग एकेका जनावराला 'हो', 'नाही' किंवा 'पाहिलं नाही'. शेवटचे दोन वेगळे आहेत, सगळी गंमत त्यात आहे. रविवारी कुणी गेलंच नाही तर 'नाही' लिहायचं नाही.

'पहिल्यांदा ऐकला' या तारखेवर विसंबू नका. पहिल्या वर्षी चार मुलं कान देतात, दुसऱ्या वर्षी चाळीस. चाळीस कानांना तो आठ दिवस आधीच सापडतो आणि वाटतं थंडी लवकर गेली. त्याऐवजी 'सलग तीन दिवस ऐकू आला, त्यातला पहिला दिवस' धरा. पाहुण्या पक्ष्याचं उलट, तो शेवटचा कधी दिसला हे त्या दिवशी कळतच नाही, नंतरच्या 'नाही'च्या रांगेवरून मागे जाऊन ठरतं.

आणि ताळा. समजा दहा वर्षांत सात वर्षी थंडी २० फेब्रुवारीच्या आत गेली. मग दरवर्षी डोळे मिटून 'लवकर जाणार' असं फळ्यावर लिहिलं तरी दहापैकी सात बरोबर. म्हणजे तुमच्या तांबटाने आठ तरी मारले पाहिजेत, सात मारले तर तो फळ्याएवढाच शहाणा. ग्राउंडहॉगच्या टक्केवारीवर वाद घालताना ही बाब कुणी बघत नाही.

एक जादा प्रयोग, हा मुलांना नक्की आवडेल: रातकिडा. अ‍ॅमॉस डॉलबेअर याने १८९७मध्ये मांडलं की रातकिड्याच्या किरकिरीवरून तापमान काढता येतं. तिथल्या झाडावरच्या एका जातीसाठी सोपा हिशोब असा की ८ सेकंदांतल्या किरकिरी मोजायच्या आणि ५ मिळवायचे, म्हणजे सेल्सिअस अंश. १२ आल्या तर १७ अंश. आपल्या जातींना हे सूत्र जसंच्या तसं लावायचं नाही, स्वतःचं काढायचं. दहा-बारा संध्याकाळी, सात ते नऊच्या दरम्यान, एकाच जागचा किडा घ्यायचा. १५ सेकंदांच्या किरकिरी पाचदा मोजून सरासरी काढायची, शेजारीच धरलेल्या थर्मामीटरचं तापमान लिहायचं. आलेख कागदावर आडवं तापमान, उभ्या किरकिरी, ठिपके टाकून मधून पट्टीने रेघ. रेघ आली की पुढच्या संध्याकाळी थर्मामीटर झाकून नुसत्या किड्यावरून तापमान सांगायचं आणि मग पडताळायचं.

---

खडू_फळा:

सर्वांचे आभार. साळिंदर रद्द. तांबट, पाली आणि रातकिडा एवढेच घेतो. मधमाशीची पेटी गावात एक आहे, विचारून बघतो. एक शंका: विहिरीपाशी दोन प्रकारचे रातकिडे आहेत. एक थांबून थांबून ओरडतो, दुसऱ्याचा आवाज तुटतच नाही, सलग किर्र. कुठला घ्यावा?

---

किमान_तापमान:

थांबून ओरडणारा. सलगवाल्याच्या किरकिरी कानाने मोजता येत नाहीत. थांबून ओरडणाराही जमिनीच्या भेगेतला असेल तर नको. दिवसभर तापलेली माती रात्री उशिरापर्यंत ऊब धरून असते, किडा त्या उबेत आणि तुमचा थर्मामीटर वाऱ्यात, मग ठिपके रेघेवर बसत नाहीत. झुडपावर किंवा कुंपणाच्या वेलीवर बसणारा शोधा. जवळ गेलं की गप्प होतो, म्हणून बॅटरी बंद करून दोन मिनिटं उभं राहायचं, मग मोजायचं. फार गारठा असला तर तो ओरडणारच नाही. त्या दिवशी 'नाही' लिहा आणि तापमान लिहायला विसरू नका. तुमच्या रेघेचं खालचं टोक त्याच दिवसांवरून ठरेल.

---

माळावरचा_पिंगळा:

आणि वही फेब्रुवारीत उघडू नका. १५ डिसेंबरला उघडा, नाहीतर तांबट गप्प असल्याचे दिवस नोंदीत येतच नाहीत आणि पहिल्या पानापासून सगळीकडे 'हो'च दिसतो. फेब्रुवारीच्या मध्यात चार दिवस जगभर परसातल्या पक्ष्यांची मोजणी असते, आपल्याकडेही होते. पंधरा मिनिटं एका जागी उभं राहून दिसलेले सगळे पक्षी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरायचे. मुलांची यादी त्यात गेली तर ती शाळेच्या वहीबाहेरही राहील. यादी भरताना पांढऱ्या भुवईच्या धोब्याला पाहुण्यात टाकू नका म्हणजे झालं.